मुदत संपलेली थायरॉइडची गोळी

वैशाखात भंडारा जिल्ह्यात पारा अनेकदा ४२ अंश ओलांडतो. अशा दिवसांत पत्र्याच्या छपराखाली, चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवलेल्या थायरॉइडच्या गोळ्यांची शक्ती छापील मुदतीपूर्वीच घटू शकते. उष्णता, ओल आणि प्रकाश हे लेव्होथायरॉक्सिनचे वैरी होत. शंभर गोळ्यांची बाटली तीन महिने पुरते, ही सोय खरी. पण उरलेल्या गोळ्या नव्या बाटलीत मिसळल्या की मुदत कोणाची, हेच कळेनासे होते.

जुनी गोळी सहसा विषारी होत नाही; ती दुबळी होते, आणि धोका नेमका तेथेच आहे. हे औषध ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. मुदत संपेपर्यंत त्याची शक्ती ९५ ते १०५ टक्क्यांत राहावी, असा दंडक अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये घातला. दुबळ्या गोळीने थकवा हळूहळू परततो, रक्ततपासणीत टीएसएचचा आकडा चढतो, डॉक्टर मात्रा वाढवितात; मग ताजी बाटली उघडताच छातीत धडधड सुरू होते. म्हणून तपासणीस जाताना बाटली सोबत न्यावी. गर्भवतीच्या बाबतीत अपुरी मात्रा बाळाच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरू शकते.

छापलेल्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत गोळी चालते. पुढे? थायरॉक्सिन शरीरात निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. ताजी गोळी मिळेपर्यंत एखादा दिवस चुकला तर घाबरण्याचे कारण नाही. जुन्या साठ्यावर महिने काढणे मात्र योग्य नव्हे. गोळ्या मूळ बाटलीतच, घट्ट झाकण लावून, घरातील थंड व कोरड्या जागी ठेवाव्यात. माठाजवळ थंडावा असतो खरा, पण तेथे ओलही असते.