बर्फाच्या उताराखाली
(गणेशोत्सवातील भाषण)



ग्वाल्हेरच्या माणसाने हिमस्खलनावर बोलावे हे जरा विनोदीच. मे महिन्यात डोक्याला पंचा गुंडाळून फिरणारे आपण! पण दिवाळी आटोपली की आपल्याच घरांतून मनाली-गंगटोकचे बेत सुरू होतात, म्हणून हा विषय घेतला. मी सरकारी खात्यातला उपयंत्री, सिव्हिलचा डिप्लोमावाला. मातीच्या उतारांशी रोजचा संबंध, बर्फाचे मात्र वाचून कळले.

४ एप्रिल २०२३ रोजी गंगटोक-नाथुला रस्त्यावर पर्यटकांवर बर्फ कोसळला आणि सात जण गेले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते, लोक पंधराव्या मैलाकडे गेले होते.

बर्फ एकजीव नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर बसतो. सुरुवातीचा बर्फ पातळ असेल आणि मग बरेच दिवस निरभ्र कडाका पडला, तर जमिनीची ऊब आणि वरचा गारठा यांच्यामध्ये तळाशी साखरेसारखे दाणे बनतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यांच्यावर वाऱ्याने आणलेला घट्ट थर बसला की वरून गादी, खाली सुटी साखर! एका माणसाच्या वजनानेही ती लादी तडकते आणि अख्खा उतार सुटतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत घातक. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही. आणि आपण खाली सपाट रस्त्यावर आहोत म्हणून निर्धास्त राहू नये, वरचा उतार आपल्यावरच येणार असतो.

थांबलेला बर्फ काँक्रीटसारखा आवळतो, हातही हलत नाही. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनला सुमारे १९,६०० फुटांवर दहा जवान गाडले गेले. त्यात सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. लान्स नायक हणमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ तारखेला दिल्लीत गेले. त्यांना तिथे राहणे भाग होते. आपण फोटोसाठी जातो.

जाण्याआधी चौकशी करा. कालपासून नवा बर्फ पडला का, जोराचा वारा होता का? डीआरडीओची चंडीगडची संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते, ते पाहा. शेजारच्या उतारावर ताजी घसरण दिसली, पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला किंवा बर्फाला चीर गेली, तर त्याच पावली मागे फिरा. ऊन चढल्यावर उताराखाली गाडी थांबवून चहा पीत बसू नका.

काही वर्षांपूर्वी मनालीच्या वर आमच्या ड्रायव्हरने मध्येच गाडी थांबवली. रात्रभर बर्फ पडलाय, पुढे नेणार नाही, म्हणाला. ‘पैसे पूर्ण दिलेत,’ म्हणून मी वाद घातला. त्याने इंजिन बंद केले आणि नुसते वर बोट दाखवले. मला पांढऱ्या उताराखेरीज काही दिसले नाही. त्या दिवशी तिथे काही कोसळलेही नाही. मी ग्वाल्हेरपर्यंत धुसफुसत आलो. त्याला मी टिपसुद्धा दिली नव्हती.