विमानतळाखाली गेलेली जमीन



जपान म्हटले की आपल्याला मोटारी आठवतात, घड्याळे आठवतात. तिथल्या शेतकऱ्याचे नाव कोणी काढत नाही. आज आम्ही त्याच्याविषयी बोलणार आहोत.

१९४५ साली जपान हरला. अमेरिकेच्या देखरेखीखाली जमीन सुधारणा झाली, जमीनदारांची जमीन कुळांच्या नावावर चढली. टोकियोजवळच्या चिबा प्रांतात सानरिझुका नावाचा मुलूख आहे. तिथे राजघराण्याचे कुरण होते. त्यातली काही जमीन युद्धानंतर मांचुरियातून हात हलवत परतलेल्या माणसांना मिळाली. त्यांनी झाडांची मुळे उपटून ती लागवडीला आणली.

जमीन पिकू लागली आणि १९६६ च्या जुलैत मंत्रिमंडळाने ठरवले, विमानतळ इथेच! आधी शेजारचे तोमिसातो ठरले होते. तिथे विरोध झाला म्हणून इकडे वळले. ज्यांची जमीन जाणार त्यांना विचारलेसुद्धा नाही. (सरकार कुठलेही असो, ही खोड सारखीच.)

तोमुरा इस्साकु हा शेतीची अवजारे विकणारा माणूस विरोधी संघटनेचा अध्यक्ष झाला. गावकऱ्यांनी जमिनीखाली भुयारे खणली. बायांनी स्वतःला साखळीने झाडांना बांधून घेतले. लहान लहान तुकडे अनेकांच्या नावावर केले, म्हणजे संपादनाची नोटीस प्रत्येकाला काढावी लागेल. विद्यार्थी मदतीला आले.

१९७१ साली सक्तीने ताबा घेतला गेला. सप्टेंबरात चकमकीत तीन पोलीस मेले. त्या घरांतही रडणारी माणसे होती, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. चारच दिवसांनी एका एकट्या म्हातारीला पोलिसांनी उचलून बाहेर काढले आणि तिचे घर पाडले.

मार्च १९७८ मध्ये उद्घाटनाला चार दिवस राहिले असताना आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात घुसून यंत्रे फोडली. विमानतळ मे महिन्यात सुरू झाला, तोही पोलिसांच्या गराड्यात. पुढे १९८३ साली संघटना फुटली.

१९९१ मध्ये सरकार खुल्या चर्चेला बसले, बळ वापरणार नाही असे कबूल केले. १९९५ साली पंतप्रधान मुरायामा यांनी माफी मागितली. पंचवीस वर्षे लाठ्या चालवून जे जमले नाही, त्यासाठी शेवटी शेतकऱ्यासमोर बसावे लागले.

दुसरी धावपट्टी २००२ साली सुरू झाली, २,१८० मीटरची. नकाशात २,५०० होती. मधल्या शेतांच्या मालकांनी जमीन दिली नव्हती. उरलेली लांबी २००९ मध्ये उलट्या दिशेला, उत्तरेकडे वाढवून भरून काढावी लागली.