लांडगा आणि डोंबारी



सोलापुराहून विजापूर रस्त्यानें दक्षिणेस निघावें, सीना ओलांडावी, म्हणजे मंद्रूप लागतें. या मुलखांत काळ्या रानीं शाळू पिकतो आणि जेथें मुरूम वर आला आहे तेथें माळ पसरतो. सोलापुरी माळाचे दोन रहिवासी आहेत. एक लांडगा, कन्नड बोलणारा शेजारी त्याला ‘तोळ’ म्हणतो. दुसरा डोंबारी, चंडोलाच्या कुळांतला, चिमणीहून लहान पक्षी.

पहिल्याचें नांव निघतांच धनगर काठी सांवरतो. मेंढरूं गेलें म्हणजे त्याच्या घरचें भांडवलच गेलें. त्याचा राग अकारण नाहीं. दुसऱ्याकडे मात्र वाटसरू कौतुकानें पाहतो. नर डोंबारी फडफडत वर चढतो, पंख मिटून शीळ घालीत खालीं सूर मारतो आणि पुन्हां उसळतो. उड्या डोंबाऱ्याच्याच, नांव शोभतें.

तथापि दोघांचीहि पिलें जमिनीवरच वाढतात. लांडगी ओघळीच्या कांठीं बिळांत विते. डोंबारीची मादी ढेकळाच्या आडोशास, लहानशा खळगींत २-३ अंडीं घालते. दोघांनाहि मोकळा माळच हवा.

भेद आहे तो गरजेचा. डोंबाऱ्यास थोडकी जागा पुरते. लांडग्यांच्या टोळीस कोसच्या कोस हिंडावें लागतें. म्हणून माळ तुटूं लागला कीं आधीं लांडगा जातो. इंग्रजी अमदानींत त्याला मारणारास सरकार बक्षीस देई. १९७२ च्या कायद्यान्वयें त्याला संरक्षण आहे. तरी साऱ्या भारतांत आज तो सुमारें ३,००० च उरला आहे. डोंबारी विपुल आहे, म्हणून त्याची चिंता कोणास वाटत नाहीं.

माळाला लोक ‘पडीक’ म्हणतात. त्या एका शब्दानें त्यावर नांगर फिरतो, मुरूम उपसला जातो, किंवा सद्धेतूनें दाट झाडें लावलीं जातात. १९७९ सालीं नान्नज येथें माळढोकासाठीं अभयारण्य झालें. राखलेल्या गवताचा आसरा लांडग्यासहि मिळाला. धनगरास मेंढराची भरपाई वेळेवर मिळाली आणि गांवानें कांहीं माळ गवतासाठीं राखला, तर चराईहि टिकेल व हे दोघेहि टिकतील.

लांडग्याचें बीळ ओस पडल्यावर डोंबाऱ्याची शीळ फार दिवस ऐकूं येईल, असा भरंवसा कोणीं धरूं नये.