दूर बसावे, दूर लोटू नये
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे. करोनाच्या साथीने काय शिकवले यावर चार शब्द बोला, असे अध्यक्षबाईंनी सांगितले. आधी वाटले, हे डॉक्टरांचे काम. मग मनात आले, सोसले तर आपणही. तेव्हा आपणही बोलावे.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले. दुसऱ्याच दिवशी, १० मार्चला, सावित्रीबाई फुल्यांची पुण्यतिथी होती. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने त्या गेल्या. त्याच साथीत सरकारने घरोघर सोल्जर घातले, झडत्या घेतल्या. परिणाम काय झाला? लोक आजारी माणूस लपवू लागले. धाकाने रोग लपतो आणि मायेने रोगी पुढे येतो, हा धडा आपल्या जिल्ह्याला तेव्हाच मिळाला होता. सव्वाशे वर्षांनी आपण तो विसरलो होतो.

दुसऱ्या कोणाला कशाला नावे ठेवू? माझीच गोष्ट सांगते. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि मळवली स्टेशनावर शुकशुकाट झाला. चैत्रातली एकविरा आईची यात्रा भरली नाही. भाज्याची लेणी पाहायला येणारी माणसे बंद झाली. कोणाची बंगल्यावरची कामे सुटली, कोणाची फुले शेतातच सुकली. अशा दिवसांत, मे महिन्यात, माझ्या नणंदबाई दोन मुलांना घेऊन मुंबईहून आल्या. त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवले. ते योग्यच होते. पण मी काय केले? भाकरीचा डबा पायरीवर ठेवायचा आणि तोंड फिरवून परत यायचे. ‘वन्स, कशा आहात?’ एवढेही विचारले नाही. जणू शब्दानेही रोग लागतो!

पाचव्या दिवशी धाकटी भाची खिडकीतून म्हणाली, “मामी, आम्ही काही चोरी केली का?”

भगिनींनो, मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. त्या दिवसापासून मी तोंडाला पदर बांधून, सहा हात लांब बसून, रोज त्यांच्याशी बोलू लागले. रोग कोणालाच झाला नाही. पण तो प्रश्न अजून माझ्या कानांत आहे.

वैद्यकशास्त्रही या साथीत शिकले. आधी सारा भर हात धुण्यावर होता. आपण भाजीसुद्धा साबणाने धुतली. पुढे नक्की झाले की हा रोग मुख्यतः श्वासावाटे, कोंडलेल्या हवेतून पसरतो. हात धुवावेतच, त्याने इतर पुष्कळ रोग टळतात. पण खिडक्या उघड्या ठेवणे आणि तोंड झाकणे अधिक कामाचे ठरले.

औषधांचेही तसेच. एप्रिल २०२१ च्या लाटेत लोक प्लाझ्मासाठी रात्र रात्र फोन करीत होते. हजारो रोग्यांवर परीक्षा झाल्या तेव्हा कळले, त्याने गुण येत नाही. आणि मे २०२१ मध्ये आपल्या देशाने तो उपचार यादीतून काढला. उलट डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध. २०२० साली इंग्लंडातल्या परीक्षेत दिसले की ऑक्सिजनवर असलेल्यांचे प्राण त्याने वाचतात. पण असली औषधे कोणी गरज नसताना, मनानेच, जास्त दिवस घेतली. साखर वाढली, आणि मधुमेह असलेल्या कित्येकांना काळ्या बुरशीने गाठले. भाताची परीक्षा शितावरून होते, औषधाची होत नाही. ‘अमकीला गुण आला’ म्हणून आपण घ्यायचे नाही.

१६ जानेवारी २०२१ पासून देशात लस सुरू झाली. कोट्यवधी लोकांना मिळालेली कोविशील्ड आपल्या पुण्यातच तयार होत होती. पण लस बनली म्हणजे दंडापर्यंत पोचली असे नव्हे. ती पोचवायला, घाबरलेल्या म्हाताऱ्यांना समजवायला, उन्हातान्हात घरोघर फिरल्या त्या आशाताई. आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पण पुरेशा मानधनासाठी जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला. टाळ्यांनी चूल पेटत नाही, हे आपल्यासारख्या गृहिणींना कोणी सांगायला हवे काय?

शेवटी मंडळाला माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, वाडीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी करून प्रत्येकीने एक घर वाटून घ्यावे. दोन, वर्गणीतून एक तापमापक आणि रक्तातला ऑक्सिजन मोजण्याचे एक यंत्र घेऊन मंडळात ठेवावे. तीन, पुन्हा साथ आली, आणि साथी येतातच, तर शाळेत ठेवलेल्या माणसाशी रोज कोणीतरी बोलायला जावे. पहिली पाळी माझी लावावी.