वाटेवरची धूळ आणि आपला श्वास
(मंडळाच्या कासू येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी मला आरोग्यविषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक झालो, शिक्षकाची सनद घेतली आणि मुलांना शिकविण्यात आयुष्य घालविले, एवढेच माझे भांडवल. परंतु आज ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे, तिचा अनुभव मी स्वतःच्या छातीवर घेतलेला आहे. म्हणून हे धाडस करतो.

पूर्वी आपल्या अंगणात बैलगाडी उभी असे. आज तेथे मोटारसायकल उभी आहे. याचा मला विषाद नाही. ह्या वाहनामुळे आपली मुले पेण, वडखळ, नागोठणे, रोह्यापर्यंत कामाला जाऊन रात्री घरच्या ताटावर येऊन बसतात. मात्र ही सारी ये-जा मुंबई-गोवा महामार्गावरून होते. पूर्वी १७ आणि आता ६६ हा क्रमांक असलेल्या ह्या रस्त्याचे पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. पुढे मार्च २०२३ मध्ये पनवेल ते कासू आणि कासू ते इंदापूर अशा सुमारे ४२-४२ किलोमीटरच्या दोन टप्प्यांच्या काँक्रिटीकरणाचे भूमिपूजन झाले. आपले गाव दोन्ही टप्प्यांच्या सांध्यावर. म्हणजे धूळ उत्तरेकडून येवो वा दक्षिणेकडून, आपला वाटा ठरलेला!

ह्या रस्त्याने रोज जाणाऱ्या तरुणांना मी अधूनमधून विचारीत असतो, "बाबांनो, धुळीचा, धुराचा त्रास होत नाही का?" उत्तर बहुधा एकच मिळते: "गुरुजी, आता सवय झाली."

बंधूंनो, ह्या दोन शब्दांविषयीच मला बोलावयाचे आहे. कारण एके काळी मीही हेच उत्तर देत असे.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मी मोटारसायकलीने शाळेत जात असे. संध्याकाळी तोंड धुतले की पाणी तांबूस होई, रुमाल काळा पडे. सकाळी खोकला येई, तो मी हवापालटावर घालवी. निवृत्तीनंतर जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारले, "विडी-सिगारेट किती वर्षे ओढता?" मी म्हणालो, "जन्मात ओढली नाही." मग त्यांनी विचारले, "रोजची वाट कोणती होती?" एका नळीत जोराने फुंकर मारावयास लावून त्यांनी श्वासाचे मोजमाप केले. माझ्या वयाच्या मनुष्याचे असावयास हवे त्यापेक्षा ते बरेच कमी भरले. पाचवी-सहावीच्या मुलांना मी फुप्फुसांचे चित्र फळ्यावर काढून दाखवीत असे. पण तो धडा मास्तरांनी स्वतः कधी शिकलाच नव्हता!

आता त्या धड्यातील दोन गोष्टी सांगतो. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ बऱ्याच अंशी नाकातील केस आणि घशातील ओलावा अडवितात. खरा शत्रू दिसत नाही. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असे कण डिझेलच्या धुरात विपुल असतात. एका केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण सहज ओळीने बसतील. ते फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही शिरतात. म्हणूनच दूषित हवेने केवळ दमा-खोकला नव्हे, तर हृदयविकार आणि पक्षाघातही बळावतात. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. ह्या सूक्ष्म कणांचे वर्षाचे सरासरी प्रमाण घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे त्या संघटनेने २०२१ साली सांगितले. आपल्या देशाने २००९ साली ठरविलेली मर्यादा ४० आहे. काँक्रीट कापताना, खडी फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाही असते. ती दीर्घकाळ छातीत गेली तर तिच्यावर उतारा नाही.

मोटारीतील मनुष्याला निदान काच वर करता येते. दुचाकीस्वाराचे तोंड मात्र पुढच्या ट्रकच्या धुराड्यासमोर उघडे असते. शिवाय हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत दबून राहते, धूर वर जात नाही. आणि नेमक्या त्याच वेळी आपली मुले पहिल्या पाळीला निघतात.

तेव्हा सवय होते ती कोणाला? नाकाला होते, मनाला होते. फुप्फुसाला होत नाही. जळजळ जाणवेनाशी झाली, म्हणजे अपाय टळला असे नव्हे. दाराशी भुंकणारा कुत्रा गप्प झाला, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याच गाडीकडे पाहा. तिच्या इंजिनाला हवा गाळून घेणारी जाळी असते. मेकॅनिक ती काढून झटकतो, त्यातून मूठभर माती पडते, आणि आपण तत्काळ म्हणतो, "नवीन बसवा, नाहीतर इंजिन खराब होईल." लोखंडाच्या इंजिनाविषयी ही दक्षता, आणि त्याच रस्त्यावर तीच हवा घेणाऱ्या छातीविषयी? इंजिन बिघडले तर बदलता येते. छाती कोठून आणणार?

याहूनही मला अधिक कळवळा येतो तो लहान मुलांचा. टाकीवर पुढे बसविलेले मूल सर्वांआधी वारा खाते आणि सर्वांआधी धूळही खाते. मोठ्यांपेक्षा त्याचा श्वास जलद; वजनाच्या मानाने तो हवाही अधिक घेतो. चार वर्षांखालील मुलांना दुचाकीवरून नेताना शिरस्त्राण आणि पट्टा असावा, असा नियम २०२२ साली झाला. कायद्याने डोके सांभाळले. श्वास सांभाळणे आईबापांच्याच हाती आहे.

उपाय काय? महागडे नाहीत. पहिला, ट्रक वा डंपरच्या मागे चिकटून जाऊ नये. थोडे थांबून अंतर राखावे. दुसरा, शिरस्त्राणाची काच खाली ठेवावी आणि आत नाका-तोंडाला घट्ट बसणारा एन-९५ जातीचा मास्क लावावा. रुमालाने माती अडते, धूर अडत नाही. २०२० च्या साथीत मास्क लावण्यास आपण शिकलोच आहोत. ती विद्या वाया घालवू नये. तिसरा, कोंडीत अडकल्यास इंजिन बंद करावे. चौथा, पी.यू.सी.चा दाखला केवळ पोलिसांसाठी नव्हे. आपल्या गाडीचा धूर मागच्याच्या छातीत जातो, हे स्मरावे. पाचवा, वेळ जुळत असेल तर आपल्या कासू स्थानकावरून रेल्वेने जावे. सहावा, दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर हवापालटावर न घालविता डॉक्टरांना दाखवावे आणि आपली रोजची वाट त्यांना आवर्जून सांगावी.

काही गोष्टी मात्र एकट्याने होत नाहीत. काम चालू असलेल्या जागी पाणी मारावे, माती-खडीच्या गाड्यांवर ताडपत्री असावी, ही मागणी ग्रामसभेत लेखी मांडली पाहिजे. मंडळाने त्यात पुढाकार घ्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. रस्ता आपल्याला हवाच आहे, त्याला आपला विरोध नाही. पण त्या रस्त्याने चालणारी छातीही धड राहिली पाहिजे.

मी साठी ओलांडली आहे. माझ्या श्वासाचा हिशेब झाला. गेलेले परत येणार नाही. परंतु समोर बसलेल्या तरुणांचा हिशेब अजून उघडा आहे. उद्या सकाळी गाडीला किल्ली लावण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाने जरी मास्क बांधला आणि पोराला टाकीवरून उतरवून आईच्या मांडीवर, पदराआड बसविले, तरी माझे हे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.