नाणे कोणाचे, जोखीम कोणाची?



भंडाऱ्यातील दुकानदारांनी रोजच्या खरेदीसाठी बिटकॉइनसारखे आभासी चलन घ्यावे, असे काही तरुण मित्र आग्रहाने सांगतात. त्यांच्या उत्साहाला मी हसत नाही. २०१६ च्या नोटबंदीतील रांगा आपण सारेच विसरलेलो नाही. परंतु चलन म्हणजे एक वचन असते. ते कोणी दिले, आणि मोडले तर भरपाई कोण करणार, हे आधी विचारले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते आणि त्यातूनच किराणा येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता. वर्षभरात तो १७ हजारांच्या खाली आला. म्हणजे तुमसरच्या बाजारात जिथे चार किलो तांदूळ मिळायचा, तिथे एक किलोसुद्धा धड मिळणार नाही. सट्टेबाजाला हे सोसते, पोटाला सोसत नाही. दुकानदार तरी काय करील? भाव पडण्याच्या भीतीने चार पैसे जास्त लावील. तो भुर्दंड गिऱ्हाइकावरच पडेल.

कायद्याची बाजूही पाहा. असे चलन बाळगणे गुन्हा नाही. पण ते कायदेशीर चलनही नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि तोटा इतर उत्पन्नातून वजा करता येत नाही. मिठाच्या पुडीसाठी दिलेल्या तुकड्याचाही खरेदीभाव लिहून ठेवायचा काय? एल साल्व्हादोर या देशाने २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले होते. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून, ते घ्यावेच असे बंधन दुकानदारांवरून काढले.

पण मला खरी चिंता वेगळीच आहे. मालकाच्या दुकानातील माल किंवा चिठ्ठ्या देऊन मजुरी भागवण्याची रीत पूर्वी होती. इंग्लंडने १८३१ च्या कायद्याने तिला आळा घातला. आपल्याकडे मजुरी चालू नाण्यांत वा नोटांतच द्यावी, असे १९३६ च्या कायद्याने ठरवले. पुढे धनादेश आणि बँक खाते हे मार्ग जोडले गेले. हा हक्क फुकट मिळालेला नाही. आज दुकानदार आभासी चलन घेऊ लागला, की उद्या कंत्राटदार म्हणेल, “दुकानात चालते ना? मग मजुरीही त्यातच घ्या!” भाव पडला की तोटा मजुराचा, चढला की नफा त्याचा.

नव्या साधनांना आपला विरोध नाही. चहाच्या टपरीवरही आज मोबाइलने पैसे दिले जातात, आणि तो रुपयाच असतो. १ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने सामान्यांसाठी प्रायोगिक सुरू केलेला डिजिटल रुपयाही रुपयाच आहे. त्यामागे रिझर्व्ह बँकेचे वचन आहे. तरुणांनी दुकानदारांकडे जरूर जावे आणि हे मार्ग शिकवावेत. ज्या म्हातारीजवळ मोबाइल नाही, तिची नोट मात्र नाकारली जाऊ नये, एवढे पाहावे.

साधन कोणतेही असो. सकाळी मिळालेल्या मजुरीची संध्याकाळी तेवढीच भाकरी आली पाहिजे. नव्या नाण्याची आपली कसोटी हीच असू द्या.