तत्त्वज्ञान कोणाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तत्त्वज्ञान ग्रीकांचे, फार तर आपल्या षड्‌दर्शनांचे. इतरांकडे नुसत्या चालीरीती, असे पुष्कळांना वाटते. हे खरे मानले, तर आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर केलेला विचार जमेसच धरायला नको. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आफ्रिकेत ह्यावर मोठा वाद झाला. १९४५ साली टेंपल्स ह्या बेल्जियन पाद्र्याने बांटू लोकांच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिले. बेनिनचे हूंटोंजी ह्यांनी हरकत घेतली : साऱ्या जमातीची समजूत म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे, कोणी एकाने कारणे देऊन आपले म्हणणे मांडावे लागते. केनियाचे ओडेरा ओरुका खेड्यांतील जाणत्यांकडेच गेले. परंपरा नुसती सांगणारे आणि तिला 'का?' विचारणारे, असे दोन प्रकार त्यांना दिसले. दुसरे ते तत्त्वज्ञ. मग त्यांना अक्षरओळख असो वा नसो.

मला हीच कसोटी पटते. आपण 'प्रयत्नांती परमेश्वर' म्हणतो आणि 'दैवात असेल ते टळत नाही' असेही म्हणतो. ही शहाणपणाची शिदोरी झाली. पण दोन्ही एकदम खरी कशी, असे जी विचारते तिच्यापाशी तत्त्वज्ञान सुरू होते.

सतराव्या शतकातील संत बहिणाबाई घ्या. जन्माने ब्राह्मण, पण गुरू केले तुकोबांना. ह्या भक्तीपायी नवऱ्याचा रोष आणि मार सोसला. 'वज्रसूची'च्या आधारे त्यांनी अभंगांतून विचारले, ब्राह्मण कोण? देह, जात, ज्ञान, एकेक उत्तर तपासून बाजूस सारले आणि ब्रह्म जाणतो तोच ब्राह्मण, असे ठरविले. प्रश्न जुना, पण त्यांना तो घरात जगावा लागला.

खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या १९५१ साली वारल्या. मुलाने, सोपानदेवांनी, जपलेली त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली छापली गेली. कोणी उतरवून घेतलीच नसती तर?

विचार करणारी माणसे सगळीकडे असतात; टिपून घेणारी नसतात. कोकणातून, घाटावरून लालबाग-परळला आलेल्या बायकांनी ओव्या बरोबर आणल्या. त्यांतल्या कितीतरी त्यांच्याबरोबरच गेल्या. म्हणून माझी विनंती आहे की, मंडळाने एक वही घालावी. तीत ओव्या, म्हणी लिहाव्यातच, पण घरातल्या वडीलधारीला आणखी एक विचारावे, "तुम्हांला हे पटते का? का पटते?" आणि उत्तर तिच्याच शब्दांत उतरवावे.